खाका आणि टाका : प्रस्तावना

बहरलेल्या पळसाच्या डहाळीचे एक रंगीत छायाचित्र समोर ठेवून त्यावरून भरतकामाचा खाका काढण्याचा माझा पहिला प्रयत्न सपशेल फसला, आणि प्रस्तुत पुस्तिकेचे मूळ त्या फसण्यात आहे. फाल्गुनात मंगरुळपीरहून मानोऱ्याकडे जाताना दोहो बाजूंच्या माळांवर पानझड झालेले पळस पेटल्यासारखे दिसतात. त्यांतल्या एका डहाळीचे चित्र मोबाइलवर टिपून, ते कागदावर छापून घेऊन आणि त्यावर बटर पेपर अंथरून, दिसेल ती प्रत्येक कड मी इमानेइतबारे पेन्सिलीने गिरवीत गेले. दोन तासांनी कागद उचलून उजेडाकडे धरला तेव्हा त्यावर रेषा विपुल होत्या, परंतु पळस नव्हता. पळसाच्या पाकळीवर बारीक रेशमी लव असते आणि तिच्यावर ऊन पडले की पाकळीच्या मध्यावर एक लखलखीत पट्टा उमटतो. त्या पट्ट्याची कड, एका फुलाने दुसऱ्यावर टाकलेल्या सावलीची कड, पाठीमागच्या फांदीची कड आणि खुद्द पाकळीची कड, या चौघींना मी सारखाच मान दिला होता, आणि त्यापायी फुलाचा मान गेला होता.

चित्रातून रंग वजा केले की खाका उरतो, अशी त्या वेळी माझी समजूत होती. पुढे अनेक वर्षे कागद खराब केल्यावर ध्यानात आले की खाका आपोआप उरत नाही, तो ठरवावा लागतो. प्रत्येक कडेपाशी थांबून निवाडा द्यावा लागतो : ही कड वस्तूची आहे की उजेडाची, हिच्यावाचून फूल ओळखू येईल की नाही, आणि ओळखू येण्यासाठी ती हवी असली तरी सुईदोऱ्याला ती पेलेल की नाही. हे तीन प्रश्न क्रमाने विचारण्याची सवय हाताला लागावी, आणि त्यांची उत्तरे देताना चित्रकला शिकलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज कोणा भगिनीस पडू नये, एवढाच या पुस्तिकेचा हेतू आहे.

आमच्या वऱ्हाडात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. मोजणीखात्याचा नकाशा पाहिला तर त्यात कपाशीची हिरवळ नसते, तुरीचा पिवळा मोहोर नसतो, काळ्या मातीचा रंगही नसतो. असतो तो धुरा, नाला, पांदण आणि गटाचा क्रमांक. तथापि वारसाची वाटणी असो की खरेदीखत, सारे व्यवहार त्या उघड्याबोडक्या रेषांवरच चालतात. नकाशात काय घ्यावे आणि काय गाळावे हे त्याच्याकडून घ्यावयाच्या कामावरून ठरते, आणि काम बदलले की रेषाही बदलते. वाशीमचेच उदाहरण पाहावे : इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात बाशीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ साली तो मोडला, आणि अकोल्यातून वेगळा होऊन आजचा सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, या अवधीत माती जिथल्या तिथे राहिली आणि कारभाराच्या सोयीप्रमाणे रेषा मात्र फिरली. एकाच पळसाचे खाकेही असेच तीन होऊ शकतात : रंगपेटीसाठी एक, लाकडावर कोरण्यासाठी दुसरा आणि कापडावर भरण्यासाठी तिसरा. प्रस्तुत पुस्तिका केवळ तिसऱ्याचा विचार करते.

परंतु सर्वच भरतकामाला खाका लागतो असेही नाही, आणि ही गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. भरतकामाची दोन घराणी आहेत. सोयीसाठी मी त्यांना मोजणीचे आणि रेखणीचे अशी नावे देते. मोजणीच्या घराण्यात कापडाचे ताणे आणि बाणे हीच आखणी असते. चार धागे सोडले, दोन उचलले, या हिशेबाने नक्षी वाढत जाते आणि ती डोळ्यापुढे असण्याऐवजी गणतीत असते. इरकलीवर चढणारी धारवाडकडची कसुती या घराण्यातली. पंजाबची फुलकारी तर कापडाच्या उलट्या बाजूने धागे मोजीत भरली जाते, तिचा चेहरा करणारीला काम उलटून पाहिल्यावर दिसतो. आपल्याकडे घरोघरी चालणारा फुलीचा टाकाही याच गोत्रातला. रेखणीच्या घराण्यात कापड केवळ भूमी असते आणि नक्षी तीवर आधी काढून घ्यावी लागते. काश्मीरमध्ये हे काम करणारा नक्काश हा स्वतंत्र कारागीर आहे. लखनौच्या चिकनकामात लाकडी ठशांनी धुऊन जाणाऱ्या रंगात नक्षी छापून मग ती टाक्यांनी भरतात. आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तान्ह्या बाळाच्या कुंचीवर, उशीच्या अभ्र्यांवर, रुखवतात मांडायच्या रुमालांवर जे मोर, पोपट आणि वेलबुट्ट्या भरल्या त्यांच्याही खाली बहुधा असा खाका असे. माझ्या आईच्या ट्रंकेत सुईने टोचलेले असे कित्येक कागद होते. त्यांतल्या एका मोराच्या पिसाऱ्याची भोके वारंवार वापरून इतकी मोठी झाली होती की कागद जाळीसारखा दिसे. रंगीत चित्रावरून खाका काढण्याचा प्रश्न या दुसऱ्या घराण्यातच उद्भवतो, आणि म्हणून इथून पुढे त्याच्याविषयीच लिहिते. पहिल्या घराण्याकडे मला अखेरीस एका वेगळ्या कारणासाठी परतावयाचे आहे.

ज्या भूमीत बसून हे लिहीत आहे तिचे रेषेशी नाते फार जुने आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा ‘हरिविजय’ नामक प्राकृत काव्याचा कर्ता. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावून दिला. आणि थोड्या समासांची, सुबोध, प्रसन्न अशी जी रचनारीती वैदर्भी म्हणून विख्यात आहे, तिला या नगराच्या नावावरून ‘वच्छोमी’ असेही म्हटले गेले. थोडक्यात पुष्कळ सांगण्याचा हा संस्कार शब्दांपुरता राहिला नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले, आणि त्या लेण्यांतील भित्तिचित्रे रेषेच्या सामर्थ्यावर उभी आहेत. मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरूची आखणी, मग रंगभरणी आणि सरतेशेवटी गडद रेषेने कडांची पुनः निश्चिती, असा तो क्रम. भरतकाम करणारीने हा क्रम ध्यानात धरावा, कारण तिच्याही कामात रेषा दोनदा येते : प्रथम कापडावरील खाक्याची, जी पुढे दिसेनाशी व्हावयाची असते, आणि भरणी आटोपल्यावर देठटाक्याने घातलेली, जी कायम राहावयाची असते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात म्हटले आहे की आचार्य रेषेची वाखाणणी करतात, मर्मज्ञ छायाप्रकाशाची, स्त्रियांना भूषणे रुचतात आणि इतर जनांना रंगांची समृद्धी. यातली स्त्रियांची वाटणी मला मान्य करवत नाही, कारण रेषेची पारख केल्यावाचून स्त्रियांनी शतकानुशतके कशिदा काढला असेल हे संभवत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्याचे प्रयत्न झाले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून काढलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. नंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात ते कार्य पुनश्च अंगावर घेतले. पापुद्रे सुटलेल्या, डागाळलेल्या त्या भिंतींसमोर बसलेल्या नक्कलकाराला क्षणोक्षणी ठरवावे लागले असणार, की ही चित्रकाराची रेषा आहे की गिलाव्याची भेग. पळसाच्या छायाचित्रापुढे मी चुकले ती याच ठिकाणी.

आता रंगीत चित्रात कड म्हणजे नेमके काय, याचा थोडा शास्त्रीय विचार केला पाहिजे. दोन ठिकाणांतील भेद आपल्याला दोन प्रकारांनी जाणवतो : एक उजळपणाचा भेद, दुसरा वर्णाचा. हिरव्या पानावरचे तांबडे फूल आपण वर्णभेदाने ओळखतो. परंतु तेच चित्र काळेपांढरे करून घेतले तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. रंगीत चित्राचे काळेपांढरे रूप काढण्याची जी सर्वत्र रूढ रीत आहे तिच्यात तांबड्याला शंभरात सुमारे ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ एवढे वजन दिले जाते, कारण मनुष्याच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद वाटतो. संगणक प्रत्येक रंगाची मात्रा ० ते २५५ या अंशांत मोजतो. निर्भेळ तांबड्याची मात्रा पूर्ण २५५ धरली तर त्याचा करडा ७६ अंशांचा येतो, आणि १३० मात्रेच्या निर्भेळ हिरव्याचा करडाही ७६ अंशांचाच. अर्थात ज्या फुलाला आपण लांबून बोट दाखवून ओळखतो ते काळ्यापांढऱ्या प्रतीत पानाशी एकजीव होऊन नाहीसे होते. म्हणून खाका काढण्यापूर्वी केवळ काळीपांढरी प्रत काढून तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ती रंगीत प्रतीच्या शेजारी ठेवावी, एकीतून छायाप्रकाश वाचावा आणि दुसरीतून वर्णांच्या हद्दी. डोळे किलकिले करून चित्राकडे पाहण्याची जुनी चित्रकारांची युक्ती इथे फार उपयोगी पडते : बारीक तपशील विरघळतात, पाच-सहा मोठे डाग शिल्लक राहतात, आणि या डागांच्या सीमा हाच खाक्याचा मूळ सांगाडा होय.

हेच काम यंत्रही करते, आणि आज ज्यांच्या हाती मोबाइल आहे अशा आमच्या कित्येक भगिनी ते यंत्राकडूनच करवून घेतात. त्यांना नाउमेद करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. शेजारच्या बिंदूंचा उजळपणा कोठे एकाएकी बदलतो हे मोजून कडा शोधण्याची आयर्विन सोबेल यांची रीत १९६८ सालची; जॉन कॅनी यांनी १९८६ साली मांडलेली रीत तिच्यापेक्षा प्रगल्भ. कॅनी यांची पद्धत प्रथम चित्र किंचित धूसर करून घेते, म्हणजे एका अर्थी यंत्रही डोळे किलकिले करते. नंतर उजळपणाच्या उताराची दिशा व तीव्रता मोजते. प्रत्येक कडेचा जाड पट्टा कृश करून त्याची रेषा बनवते. आणि अखेरीस दोन मर्यादा लावते. वरच्या मर्यादेपलीकडची ठळक कड निःशंकपणे स्वीकारली जाते, खालच्या मर्यादेच्या आतली फेटाळली जाते, आणि मधली दुबळी कड एखाद्या ठळक कडेला जोडलेली असेल तरच, म्हणजे कोणी सबळ जामीन राहिला तरच, दाखल करून घेतली जाते. ही योजना मला अतिशय सुंदर वाटते. परंतु यंत्राला उजळपणा कळतो, पळस कळत नाही. लवेवरचा लखलखीत पट्टा त्याच्या लेखी सर्वांत सबळ कड ठरतो, आणि सावलीत बुडालेला देठ, ज्याच्यावाचून फूल अधांतरी लोंबते, तो त्याच्या दप्तरी नोंदलाच जात नाही. सबब यंत्राने काढलेला खाका हा कच्चा मसुदा समजावा. तो बटर पेपरखाली ठेवून, शक्य असेल तर खरे फूल हातात घेऊन, स्वतःच्या पेन्सिलीने पक्का करावा. पळसाचे फूल एकदा उलगडून पाहिले की वरची उभी पाकळी, बाजूच्या दोन, आणि पोपटाच्या चोचीसारखा बाक घेतलेला पुढचा भाग हे सारे वेगवेगळे कळते. संस्कृतात त्याला ‘किंशुक’, म्हणजे ‘हा शुक तर नव्हे?’, असे का म्हटले तेही कळते. आणि मग त्या चोचीचा बाक साधला की फूल साधले, बाकी रेषा कमी पडल्या तरी हरकत नाही, हा निवाडा विनासायास सुचतो.

इथपर्यंतचा विचार कोणत्याही रेखाचित्राला लागू पडेल. परंतु भरतकामाचा खाका धाग्यासाठी काढलेला असतो, आणि धाग्याचे स्वतःचे कायदे आहेत. पेन्सिलीच्या टोकाला जाडी नसल्यासारखीच असते, सुईच्या मागून येणाऱ्या धाग्याला ती असते. बाजारात मिळणारी भरतकामाची लडी सहा पदरी असते. तिचे दोन पदर घेऊन घातलेला देठटाका साध्या सुती कापडावर सुमारे एक मिलिमीटर रुंदी व्यापतो, आणि त्यामुळे ज्या दोन रेषा कागदावर दोन मिलिमीटरांपेक्षा कमी अंतरावर आहेत त्या कापडावर एकमेकींत मिसळतात, असा माझा अनुभव आहे. तेव्हा पानाच्या दहा शिरा चित्रात दिसत असल्या तरी खाक्यात तीन घ्याव्यात आणि त्या मोकळ्या घ्याव्यात. दुसरा कायदा भरीव टाक्याचा : हा टाका एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड जातो, आणि त्याची लांबी एक सेंटिमीटरच्या पुढे गेली की धागा सैल पडतो, बांगडीत अडकतो, धुण्यात ओढला जातो. म्हणून मोठी पाकळी एका घरात न ठेवता तिच्यात चित्रात न दिसणारी अशी एक विभागरेषा खाका काढणारीने स्वतःच्या जबाबदारीवर घालावी लागते, किंवा तिथे लांब-आखूड टाका घ्यावयाचा असे टिपून ठेवावे लागते. तिसरा कायदा दिशेचा. रेशीम असो वा चकाकणारे सूत, टाक्याची दिशा बदलली की एकाच रंगाची छटा बदलून दिसते; चित्रातला छायाप्रकाश दाखविण्यासाठी नेहमी वेगळा रंगच घ्यावा लागतो असे नाही, कैक वेळा टाका वळविल्याने काम भागते. यास्तव चांगल्या खाक्यात कडांबरोबर बारीक बाण असतात, आणि ते बाण पाकळी जशी वाढली तसे, म्हणजे देठाकडून टोकाकडे, जातात. चौथा आणि सर्वांत वारंवार मोडला जाणारा कायदा असा की भरणीची घरे बंद असली पाहिजेत. चित्रकार कड अर्धवट सोडून देऊ शकतो, डोळा ती पूर्ण करतो. सुईला मात्र परतण्यासाठी पलीकडची कड लागते.

खाका सिद्ध झाला म्हणजे तो कापडावर उतरवण्याचा प्रश्न येतो. लहानमोठा करावयाचा असल्यास चित्रावर सेंटिमीटरभर चौकटी आखून, दुसऱ्या कागदावर दोन सेंटिमीटरांच्या चौकटीत एकेक घर उतरवीत जाण्याची शाळेत शिकवली जाणारी रीत आजही तितकीच विश्वसनीय आहे. पातळ पांढऱ्या कापडाला खिडकीची काच पुरते : खाका काचेवर चिकटवून वर कापड ताणले की उजेडात रेषा आरपार दिसते. जाड अथवा गडद कापडाला टोचणीचा खाका हाच खरा उपाय. बटर पेपर दुमडलेल्या चादरीवर अंथरून बारीक सुईने दर दीड-दोन मिलिमीटरांवर भोक पाडीत रेषेवरून जावे. पूर्ण झाल्यावर कागद उलटून, मागे उठलेले खवले पॉलिश कागदाने हलकेच घासून टाकावेत, नाही तर भोके बुजतात आणि पूड खाली झिरपत नाही. फिकट कापडासाठी नीळ, गडद कापडासाठी झिंकची पांढरी पूड रॉकेलमध्ये कालवून, चिंधीच्या बोळ्याने खाक्यावरून एकदाच, न रेंगाळता फिरवावी. बोळा फार ओला झाला तर भोकाभोकाशी डाग पसरतो. ही रीत जरीकामाच्या कारखान्यांतून चालत आली आहे, युरोपातील भित्तिचित्रकारही कोळशाची पूड घेऊन तीच वापरीत, आणि तेरेझ द दिल्मों यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या सुप्रसिद्ध शिवणभरण-कोशातही टोचणीचे विवेचन आहे. कार्बन कागद सोपा खरा, परंतु त्याचा डाग पुष्कळदा धुण्यातही जात नाही. आणि कापडावर पेन्सिल चालवलीच तर धुण्याआधी त्यावर इस्त्री फिरवू नये, कारण काही खुणा उष्णतेने पक्क्या होतात. पुढे टाक्यांखाली झाकली जाणारी रेषा पुसट असली तरी चालते, परंतु ती टाक्याच्या बाहेर डोकावता कामा नये.

कापसाच्या बोंडासाठी या पुस्तिकेत मी एक संपूर्ण प्रकरण दिले आहे, आणि त्याचे कारण केवळ वऱ्हाडावरील माया नव्हे. फुटलेले बोंड पांढरे, त्यावरचा उजेड पांढरा आणि बहुधा कापडही पांढरे. रंगीत चित्रातून इथे जवळजवळ काहीच मदत होत नाही. अशा वेळी पांढऱ्याची कड शोधीत न बसता त्याच्या शेजाऱ्याची कड काढावी : वाळून तपकिरी झालेल्या टरफलाच्या टोकदार फाका नीट रेखाटल्या की त्यांच्या कुशीतला कापूस आपोआप पांढरा होतो. कापसाच्या चार फुगीर पाकांमधल्या सावलीच्या खाचा धावदोऱ्याने, करड्या धाग्याच्या एकाच पदरात घ्याव्यात आणि पाकांची बाहेरची कड मुळीच आखू नये. रेषा गाळण्यानेही आकृती सिद्ध होते, हे मला प्रथम बोंडाने शिकविले.

आता मोजणीच्या घराण्याकडे परत येते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे साऱ्या देशातील बंजारा समाजाचे तीर्थस्थान आहे. रामनवमीच्या यात्रेला तिथे लक्षावधी लोक येतात, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे नंगाऱ्याच्या आकाराच्या वास्तूत बंजारा वारशाचे संग्रहालयही सुरू झाले आहे. यात्रेत फेटिया, काचळी आणि टुकरी लेवून आलेल्या वृद्ध स्त्रिया पाहिल्या की भरतकाम हा शब्द उणा वाटू लागतो. आरसे, कवड्या, नाणी आणि चौकोन-शंकरपाळ्यांची घट्ट वीण यांनी ते वस्त्र चिलखतासारखे भारदस्त झालेले असते. याच परंपरेची कर्नाटकातील शाखा, संडूरचे लंबाणी भरतकाम, भौगोलिक मानांकनाने नोंदली गेली असून २०२३ साली हंपी येथे त्या कलेच्या १,७५५ वस्तूंच्या प्रदर्शनाचा जागतिक विक्रमही झाला. तेव्हा वाशीमच्या लेखिकेने या नक्षीचे खाके का दिले नाहीत, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि मला त्याचे उत्तर देणे प्राप्त आहे.

मी तो प्रयत्न करून पाहिला. एका आजीबाईंच्या अनुमतीने त्यांच्या फेटियाच्या पट्टीचे छायाचित्र घेतले आणि त्यावरून खाका काढला. आरशांची चमक, वस्त्राच्या चुण्या, कवड्यांच्या सावल्या गाळून जी आकृती उरली ती बिनचूक होती, आणि तरीही खोटी होती. त्यांच्या शंकरपाळीची बाजू धाग्याधाग्याने पायऱ्या चढत जाते, कारण ती कापडाच्या विणीतून मोजून काढलेली असते. माझ्या पेन्सिलीने त्या पायऱ्या घासून सरळ रेघ केली होती. तो कागद त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी त्यावरून बोट फिरवले, मग आपल्या पट्टीवर नख टेकवून माझ्यासाठी सावकाश धागे मोजून दाखविले. याहून अधिक टीका त्यांनी केली नाही. जी नक्षी मोजणीतून जन्मते तिला रेखणीच्या चौकटीत बसविले म्हणजे तिचे रूप हाती येते, परंतु ते ज्या हिशेबातून आले तो हिशेब हरवतो; आणि मायलेकींच्या मांडीशी मांडी लावून चालत आलेला तो हिशेब छापील कागदाच्या भरवशावर सोडून देण्याचा अधिकार मला नाही. ज्या कोणास ही कला शिकावयाची असेल तिने तांड्यावर जाऊन, करणारीच्या शेजारी बसून, तिची मेहनत आणि तिचा मोबदला मान्य करून ती शिकावी. या पुस्तिकेत म्हणून ती नक्षी नाही, आणि हे न्यून मी जाणीवपूर्वक ठेविले आहे.

पुस्तिकेची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात चित्राची निवड व त्यातील मोठ्या डागांची ओळख. दुसऱ्यात कडांचा निवाडा, प्रत्येक उदाहरणास रंगीत चित्र, काळीपांढरी प्रत, यंत्राचा कच्चा मसुदा आणि हाताने पक्का केलेला खाका असे चारी टप्पे शेजारी शेजारी. तिसऱ्यात टाक्यांची योजना, आणि चौथ्यात खाका उतरवण्याच्या रीती. उदाहरणे सारी परिसरातली आहेत : पळस, बोंड, तुरीची शेंग, नीलकंठ पक्षी आणि खापरीच्या घराची एक चौकट. वाचकांनी ती तशीच्या तशी भरण्याऐवजी आपल्या अंगणातले एखादे चित्र घेऊन तेच टप्पे चालून पाहावेत, म्हणजे माझ्या श्रमाचे चीज होईल.

ज्या भगिनींनी हे खाके प्रत्यक्ष भरून पाहिले त्यांचे ऋण मोठे आहे, आणि त्यांतला एक प्रसंग नमूद केल्यावाचून लेखणी खाली ठेववत नाही. पळसाचा खाका, पुष्कळ रेषा गाळून, अखेर माझ्या मनासारखा उतरला होता. परंतु तो भरावयास घेतलेल्या मुलीने तिसऱ्या दिवशी रिंग माझ्यापुढे ठेवली आणि चोच बोथट होते आहे म्हणून सांगितले. तिचे खरे होते. भरीव टाक्याचा धागा रेषेच्या बाहेर आपल्या जाडीइतका पसरतो, आणि कागदावर जो बाक नेमका होता तो कापडावर जाडजूड होऊन पोपटाचा कावळा होत होता. तिने मला न विचारता चोचीची बाजू रेषेच्या आतून, रुंद जागी एक धागाभर आणि टोकाशी दोन धागे सोडून, भरावयास घेतली होती आणि तिथे फूल जिवंत झाले होते. जमिनीचा धुरा प्रत्यक्षात सरकला म्हणजे दप्तरात फेरफाराची नोंद घ्यावी लागते. मीही माझी रेषा पुसली आणि तिच्या सुईने जिथून वाट काढली तिथून ती नव्याने ओढली. या पुस्तिकेत छापलेला पळस तो दुरुस्त पळस आहे, आणि वाचकांची सुई जेथे माझ्या रेषेशी सहमत होणार नाही तेथे त्यांनीही सुईचेच ऐकावे.

वाशीम,
फाल्गुन पौर्णिमा